चार पूर्णांक सहा सेकंद : जेरी राइसच्या अहवालावरचं भांडण

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अमेरिकन फुटबॉल? आपल्याकडे तो कोण बघतं? खरं आहे. मीही बरीच वर्षं बघत नव्हतो. पण आजची गोष्ट त्या खेळाची कमी आणि एका कागदाची जास्त आहे. एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या पोराबद्दल कुणीतरी कागदावर चार ओळी लिहितं, त्यात एक आकडा असतो, आणि त्या आकड्यावरून मोठमोठी माणसं भांडतात. ते भांडण मला फार ओळखीचं वाटलं. का, ते शेवटी सांगतो.

आधी खेळाची किमान ओळख. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळतात. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो आणि तो झेलणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. महाविद्यालयातून व्यावसायिक संघात जायची वाट म्हणजे ड्राफ्ट. आयपीएलच्या लिलावासारखी बोली इथे लागत नाही. आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला खेळाडू निवडतो, विजेता संघ सगळ्यात शेवटी. त्यामुळे प्रत्येक संघाचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, वर्षभर गावोगाव फिरून अहवाल लिहितात.

आता चला १९८५ मध्ये. तेव्हा व्यावसायिक लीगमध्ये २८ संघ होते. ड्राफ्ट होता ३० एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये. आणि वादातला खेळाडू होता जेरी राइस. महाविद्यालय मिसिसिपी व्हॅली स्टेट, गाव इट्टा बेना.

आम्ही दोघं त्या खोलीत

हा भाग तयार करताना मी आणि माझा मित्र, जो आमचं ध्वनिमुद्रण सांभाळतो, एक खेळ खेळलो. तो कॉलेजात दोनशे मीटर धावायचा, त्यामुळे सेकंदांबद्दल त्याच्याशी बोलताना जपून बोलावं लागतं. आम्ही ठरवलं, पुढे काय झालं ते विसरायचं. आपण एप्रिल १९८५ मध्ये बसलोय, समोर राइसची माहिती आहे, आणि निवडायचं की नाही ते ठरवायचंय. नाणं उडवलं. मला विरोधी पक्ष मिळाला.

मी सुरुवात आकड्यानेच केली. चाळीस यार्डांची धाव, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. राइसची नेमकी वेळ किती यावर आजही एकमत नाही, पण बहुतेक ठिकाणी ४.६ ते ४.७ सेकंदांच्या आसपासचा आकडा सांगितला जातो. पहिल्या फेरीत घ्यायच्या रिसीव्हरकडून ४.४ किंवा ४.५ ची अपेक्षा असायची. मी म्हटलं, "अरे, दोन दशांश सेकंदांत हा माणूस दीड-पावणेदोन मीटर मागे राहतो. पहिल्या फेरीची निवड यावर घालवायची?"

मित्र म्हणाला, "ती वेळ हाताने लावलेली. बोट दाबायला एक दशांश इकडेतिकडे सहज होतो. आणि तो काय साडेछत्तीस मीटर सरळ पळणार आहे का सामन्यात?"

ही चाळीस यार्डांची चाचणी आली कुठून, तेही सांगतो. प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी ती रूढ केली असं मानतात. लाथेने उंच मारलेला चेंडू साधारण चाळीस यार्ड जातो आणि हवेत साडेचार सेकंदांच्या आसपास राहतो. तेवढ्या वेळात आपला माणूस तिथे पोहोचायला हवा, असा त्यामागचा हिशेब सांगितला जातो. म्हणजे मूळ प्रश्न अगदी ठराविक होता. पुढे तोच आकडा सगळ्यांसाठी लागू झाला, आणि चेंडू झेलणाऱ्या माणसालाही त्याच फुटपट्टीने मोजायला लागले.

विरोधी पक्षाचा दुसरा मुद्दा

वेळ सोडली तरी माझ्याकडे दारूगोळा होता. मिसिसिपी व्हॅली स्टेट हे कृष्णवर्णीयांसाठी १९५० मध्ये सुरू झालेलं छोटं सरकारी महाविद्यालय. खेळायचं दुसऱ्या पातळीवर, ज्याला तेव्हा वन-डबल-ए म्हणत. तिथले प्रशिक्षक आर्ची कूली हे अवलिया गृहस्थ. चार-चार रिसीव्हर एकाच बाजूला उभे करायचे आणि दम न घेता चेंडू फेकत राहायचे. १९८४ च्या हंगामात त्यांच्या संघाने सामन्यामागे सरासरी साठच्या वर गुण केले. राइसने एकट्याने त्या वर्षी २७ टचडाउन झेलले.

मी म्हटलं, "हे आकडे खरे मानायचे? गल्ली क्रिकेटमध्ये कुणी त्रिशतक ठोकलं तर आपण त्याला कसोटीत घेतो का? आणि त्याच वर्षी बाद फेरीत जरा तगडा संघ समोर आला तेव्हा काय झालं? लुइझियाना टेकने यांना ६६-१९ असं धुतलं."

मित्र गप्प झाला. मग म्हणाला, "ब्लू-ग्रे सामन्याचं काय?"

तो मुद्दा बिनतोड होता. हंगामानंतर मोठ्या महाविद्यालयांतल्या निवडक खेळाडूंबरोबर ब्लू-ग्रे नावाचा प्रदर्शनी सामना व्हायचा. राइस तिथे खेळला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शिवाय वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात तो नववा आला होता. छोट्या महाविद्यालयाच्या पोराला तिथपर्यंत मतं मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण माझी शंका अगदीच फालतू होती असंही नाही. राइसला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक विली टॉटन. त्याच १९८४ मध्ये टॉटनने ५६ टचडाउन फेकले. तेच महाविद्यालय, तीच पद्धत, तेच समोरचे संघ. त्या टॉटनला व्यावसायिक लीगमध्ये मोजकेच सामने मिळाले, तेही १९८७ मध्ये खेळाडूंचा संप चालू असताना. म्हणजे "आकडे फुगलेले आहेत" म्हणणारा स्काउट एका खेळाडूबाबत बरोबर आणि दुसऱ्याबाबत साफ चूक. आणि दोघांची नावं एकाच गुणपत्रिकेवर.

हा वाद नवा नव्हता

कृष्णवर्णीय महाविद्यालयांतल्या खेळाडूंबद्दल हे असं आधीही झालेलं होतं. राइसच्याच महाविद्यालयातून गेलेला डीकन जोन्स १९६१ च्या ड्राफ्टमध्ये चौदाव्या फेरीत निवडला गेला. चौदाव्या! पुढे तो त्या खेळातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक गणला गेला.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे बिल नन. हे मूळचे पत्रकार, पिट्सबर्ग कूरियर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक. कृष्णवर्णीय महाविद्यालयांतले प्रशिक्षक त्यांना घरचा माणूस मानायचे. १९७४ च्या ड्राफ्टआधी ते इतर स्काउटांबरोबर अलाबामा ए अँड एम महाविद्यालयात जॉन स्टॉलवर्थ नावाचा रिसीव्हर बघायला गेले. मैदान ओलं होतं, स्टॉलवर्थची वेळ वाईट आली, बाकीचे वह्या मिटून पुढच्या गावाला निघाले. ननसाहेबांनी "बरं वाटत नाही" अशी थाप मारली आणि मागे थांबले. दुसऱ्या दिवशी कोरड्या मैदानावर पुन्हा वेळ लावली. वेळ सुधारली. स्टीलर्सनी त्याला चौथ्या फेरीत घेतलं आणि तो माणूस पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

बघा, ननसाहेबांनी घड्याळ फेकून दिलं नाही. त्यांनी तेच घड्याळ दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. फरक एवढाच की त्या पोरासाठी एक रात्र गावात काढावी असं त्यांना वाटलं.

आणि यात आपला एक माणूसही आहे, हे मला हा भाग करताना कळलं. १९६० च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाने ठरवलं की खेळाडू निवडायला संगणक वापरायचा. त्यासाठी आयबीएमच्या एका उपकंपनीतले संख्याशास्त्रज्ञ मदतीला आले, त्यांचं नाव सलाम कुरेशी. भारतातून गेलेले. अमेरिकन फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांना पहिली अडचण आली ती शब्दांची. एक स्काउट लिहितो "चपळ", दुसरा लिहितो "झटपट", तिसरा लिहितो "पाय हलके". हे तिघं एकच सांगतायत की तीन वेगळ्या गोष्टी? शेकडो विशेषणं गाळून शेवटी पाच गुण उरले : स्वभाव, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, ईर्षा, समज, आणि ताकद. प्रत्येकाला अंक द्यायचे. उंची, वजन आणि वेग हे मोजूनच घ्यायचे.

म्हणजे ज्या माणसाने हे यंत्र उभं करायला मदत केली, त्यालासुद्धा दिसलं होतं की नुसत्या वेगावर भागत नाही. चपळाई आणि शरीरावरचा ताबा यांचा रकाना वेगळा ठेवला होता. आता हे काउबॉइज लक्षात ठेवा, लगेच परत येतील.

हॉटेलातला टीव्ही

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श. ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यांचा संघ ह्यूस्टनला सामना खेळायला गेला होता. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर महाविद्यालयीन सामन्यांची क्षणचित्रं चालू होती आणि त्यात त्यांना मिसिसिपी व्हॅलीचा एक रिसीव्हर दिसला. चेंडू झेलतोय, वळतोय, आणि मागून कुणी त्याला गाठत नाहीये. तिथून ते त्याच्यामागे लागले.

त्यांच्याच संघातल्या काही जणांना हे पटलं नव्हतं. कारण तेच : वेळ. आणि इथे माझ्या मित्राने असा मुद्दा काढला की मी खुर्चीत मागे टेकलो. तो म्हणाला, "वॉल्शने वेगवान माणूस आधीच करून बघितला होता की!"

खरंच. रेनाल्डो नेहेमाया. ११० मीटर अडथळ्यांची शर्यत तेरा सेकंदांच्या आत पळणारा जगातला पहिला माणूस, १९८१ मध्ये १२.९३. फोर्टीनाइनर्सनी त्याला १९८२ मध्ये थेट ट्रॅकवरून उचलून रिसीव्हर केलं. तीन हंगामांत त्याने ४३ झेल घेतले, टचडाउन ४. चाळीस यार्डांच्या चाचणीत राइस त्याच्या जवळपासही आला नसता. पण वॉल्शना तीन वर्षांत समोर दिसलं होतं की तो वेग मैदानावर कुठे वापरता येतो आणि कुठे येत नाही.

शिवाय वॉल्श यांची खेळायची पद्धत. छोटे, ठरलेल्या क्षणी फेकलेले पास. रिसीव्हरने अमुक पावलावर वळायचं, चेंडू तिथे आलेला असणार, आणि मग झेलून पुढे पळायचं. त्यात सरळ रेषेतल्या वेगापेक्षा वळताना वेग न गमावणं महत्त्वाचं. त्यामुळे "राइस चांगला आहे का" यापेक्षा "राइस आमच्याकडे चांगला होईल का" हा त्यांचा प्रश्न होता. अहवालात त्याचं उत्तर नव्हतं, असूही शकत नव्हतं.

अडचण एकच. फोर्टीनाइनर्स जानेवारी १९८५ मध्ये सुपर बोल जिंकले होते, म्हणून त्यांचा नंबर शेवटचा, २८ वा. मग सौदा झाला. त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या आपल्या निवडी दिल्या. बदल्यात १६ वी निवड आणि तिसऱ्या फेरीतली एक निवड घेतली. आणि १६ व्या जागी राइसचं नाव पुकारलं. १७ व्या जागी कोण बसलं होतं? काउबॉइज. त्यांनाही राइस हवा होता असं नंतर सांगितलं गेलं. त्यांनी मग एक बचावपटू घेतला.

राइसच्या आधी दोन रिसीव्हर गेले होते. दहाव्या जागी अल टून, जेट्सकडे. तेराव्या जागी एडी ब्राउन, सिनसिनाटी बेंगल्सकडे. आणि बेंगल्सचा कारभार कुणाच्या हातात? पॉल ब्राउन यांच्या. तेच चाळीस यार्डवाले. वॉल्श याच ब्राउन यांच्या हाताखाली सिनसिनाटीत आठ वर्षं शिकले होते.

पुढे काय झालं

पहिल्या हंगामात बराच काळ मीच बरोबर ठरत होतो. राइसच्या हातून चेंडू सुटायला लागले. घरच्या मैदानावर, कँडलस्टिक पार्कवर, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. अहवालात त्याच्या हातांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, आणि बिघडलं ते नेमकं तिथेच! मग ९ डिसेंबर १९८५, सोमवारची रात्र, रॅम्सविरुद्धचा सामना. १० झेल, २४१ यार्ड. दुसऱ्या वर्षी १,५७० यार्ड आणि १५ टचडाउन. १९८७ मध्ये फक्त १२ सामन्यांत २२ टचडाउन. वीस हंगाम खेळून थांबला तेव्हा १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड. यार्डांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ वर थांबला. मधलं अंतर पाच हजारांहून जास्त आहे. एका माणसाची बरी कारकीर्द त्यात बसेल.

हे कुठून आलं? राइसचे वडील गवंडी होते. मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड गावात, सुट्टीत पोरं वडिलांच्या हाताखाली कामाला. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा परातीवर उभा राहून झेलायचा. फुटबॉलमध्ये आला तोही गमतीने. शाळा बुडवून भटकताना उपमुख्याध्यापकांनी मागून हाक मारली, हा सुसाट पळाला, आणि पोरगं किती पळतं ते प्रशिक्षकांच्या कानावर गेलं. ज्या माणसाच्या वेगावर पुढे शंका घेतली गेली, तो खेळात आला पळाला म्हणून.

पण मंडळी, इथे आपण सावध राहायला हवं. ही गोष्ट "अहवाल मूर्ख, डोळा शहाणा" अशी सांगायची सवय लागलीय. टून आणि ब्राउन वाईट नव्हते. टूनने पाचशेच्या वर झेल घेतले, डोक्याला वारंवार लागल्यामुळे त्याला १९९२ मध्ये लवकर थांबावं लागलं. ब्राउन तर पहिल्याच वर्षी लीगमधला सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला, आणि जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये राइसच्या समोरच्या संघात होता. त्या सामन्यात राइसने ११ झेल, २१५ यार्ड घेतले, सामनावीर ठरला, ते वेगळं. छोट्या महाविद्यालयातले, ४.६ धावणारे कितीतरी जण खरोखरच टिकले नाहीत. त्यांची गोष्ट कुणी पॉडकास्टवर सांगत नाही.

शेवटी मित्राने विचारलं, "खरं सांग, तेव्हा असतास तर कुणाला घेतलं असतंस?" मी टून म्हणालो. प्रामाणिकपणे, आजही मला वाटतं की हातात फक्त कागद असता तर मी टूनच घेतला असता.

आणि माझी वही

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या खो-खो संघनिवडीला मदत करायला गेलो होतो. मी काही जाणकार नव्हतो, शिट्टी आणि वही माझ्याकडे होती एवढंच. बारा पोरं निवडायची होती, आली होती चाळीसेक. म्हणून आम्ही आधी तीस मीटरची धाव लावली आणि एका वेळेच्या खालची नावं कापली.

कापलेल्यांत एक मुलगा होता. धावेत रडतखडत आलेला. पण चाचणीच्या आधी पोरं आपापसात खेळत होती तेव्हा मी त्याला बघितलं होतं. दोन खुंटांमध्ये एकेरी साखळी घालत होता, हुलकावणी अशी द्यायचा की पाठलाग करणारा रिकाम्या जागेवर झेपावायचा. मी ते पाहिलं होतं. सरांना जाऊन सांगू शकलो असतो. पण वहीत आकडा होता, आणि आकड्यामुळे मला कुणाशी वाद घालावा लागणार नव्हता. मी फुली मारली.

पुढच्या वर्षी तो निवडीला आलाच नाही. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कदाचित तो खो-खोत फार काही करणारही नव्हता. मोठं काही हुकलं असं सांगायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि हेच मला खुपतं. राइसला एक संघ नाही तर दुसरा होता, सोळावा नाही तर सतरावा नंबर होता. त्या मुलासाठी त्या दिवशी फक्त मी होतो. तो पुन्हा धावला असता तर कदाचित पुन्हा मागेच राहिला असता. पण मला त्याला पुन्हा धावायला सांगायचंही नव्हतं, मला फक्त सरांना म्हणायचं होतं, "याला एकदा खेळताना बघा."

चाचण्या नकोत असं मी म्हणत नाही. चाळीस पोरं आली की काहीतरी चाळणी लागतेच, आणि चाळणी नसेल तर ओळखीची पोरं आत जातात, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण आकडा कागदावर आल्यावर जो वाद व्हायला हवा, तो फोर्टीनाइनर्सच्या खोलीत झाला. आमच्या मैदानावर झाला नाही, कारण मी तो केला नाही.

तुमच्यापैकी कुणी निवड समितीवर बसलं असेल, किंवा फुली मारलेल्या नावांपैकी एक असेल, तर जरूर लिहा. पुढच्या भागात तुमच्या पत्रांवर बोलू. तोवर, काळजी घ्या, भेटू.